गेरूवरचे पांढरे आकडे

बसा, बसा, मंडळी. माझ्यासाठी कोणी उभं राहू नका. सतरंजीवर पुढे जागा आहे अजून. परमू, तू पण आत ये. दारात चपलांपाशी काय उभा राहिलास? आज तरी आत ये.

मला बोलता येत नाही. विनयाने म्हणत नाही, खरंच येत नाही. सगळी नोकरी सडक खात्यात नकाशे काढण्यात गेली. नकाशे काढणाऱ्याला कोणी ‘दोन शब्द बोला’ म्हणत नाही. ‘ही रेघ वाकडी का’ एवढंच विचारतात. तेव्हा माझी रेघ आज वाकडी गेली तर सांभाळून घ्या. कागद लिहून आणलाय, पण चष्म्यावर सारखं पाणी येतंय, कागद काही दिसत नाही.

कॉलेजची जी मंडळी आलीत, आप लोग माफ कीजिए, मैं मराठी में ही बोलूँगा. शरयूचा तसा हुकूमच होता. खंडेराव गेटच्या या आपल्या मंडळात कोणी हिंदीत भाषण सुरू केलं, की ती खालून म्हणायची, “अहो, घरात तरी घरचं बोला.” तिच्याच शोकसभेत तिचा हुकूम मी कसा मोडू? जे मोडायचं ते आधीच मोडून बसलोय मी. तेच सांगायला उभा आहे.

परवा तिचा तेरावा झाला. सकाळी चहाचं आधण ठेवलं, ओट्याला टेकून खाली बसली, आणि बसली ती उठलीच नाही. शेजारणीने येऊन गॅस बंद केला. अनघा, तिची लेक, दिल्लीहून पोचेपर्यंत दुपार झाली. मी गल्लीच्या टोकालाच राहतो. मी दहा मिनिटांत पोचलो. काय उपयोग? वेळेवर पोचायचं आणि काही करायचं नाही, ही माझी जुनी खोड आहे. कळेल तुम्हाला पुढे.

नव्या लोकांसाठी सांगतो. शरयू माझी सख्खी बहीण नव्हे. मला बहीण नव्हती, तिला भाऊ नव्हता, घरं एका गल्लीत. दोघांच्या आयांनी मिळून ठरवलं, तिच्या हातात निरांजन दिलं आणि मला पाटावर बसवलं. ती तेव्हा सात वर्षांची, मी बारा. त्यानंतर एक भाऊबीज चुकली नाही. राखी पण बांधायची आणि भाऊबीजेला पण ओवाळायची. मी म्हणायचो, अगं, एक काय ते कर. तर म्हणायची, “झाशीत राहायचं म्हणजे दोन्ही करायचं, दत्तूभैया.” दादा नाही, भैया. आणि मी कितीही मूर्खासारखा वागलो तरी अहो-जाहो सोडलं नाही तिने. तेवढं एक सोडलं असतं, तर आज सत्तावीस झाडं उभी असती.

थांबा. क्रमाने सांगतो.

ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, गुरसरायच्या कॉलेजात. रोज बसने जायची, बसने यायची. खिडकीची जागा मिळाली नाही तर ती बस सोडून द्यायची. श्रीकांतराव, तिचे यजमान, हयात होते तेव्हा म्हणायचे, “आमच्या घरात बायको सासरी नाही, बसच्या खिडकीत नांदते.” त्या खिडकीतून तिला काय दिसलं? तुम्ही-आम्ही सगळे त्याच रस्त्याने गेलोय. आम्हाला काय दिसलं? काही नाही. तिला रस्त्याची कड दिसली.

कड म्हणजे काय? डांबर संपतं तिथून शेताचा बांध लागतो तिथपर्यंतची पट्टी. बस. तेवढीच. त्या पट्टीवर तिने आयुष्य काढलं. लोक हसायचे. याच सभागृहात, हळदीकुंकवाच्या वेळी, कोणीतरी विचारलं होतं, “शरयू, एवढी शिकलीस आणि रस्त्याकडेचं गवत मोजतेस?” नाव नाही घेत, त्या इथेच बसल्यात. शरयू म्हणाली, “साडी नेसल्यावर काठ पायाशीच जातो ना? मग बिनकाठाची का नाही घेत तुम्ही?” मी हसत होतो. मी पण तिचीच थट्टा करायचो एरवी.

मी खात्याचा माणूस. आम्हाला शिकवलेलं असं, की गवत दिसलं म्हणजे ढिलाई. साहेबाचा दौरा आहे? खरवडा. दसरा आलाय? खरवडा. बुंध्यांना गेरू-चुना मारा, कडा साफ करा, की रस्ता कसा नवऱ्या मुलासारखा दिसतो. शरयू माझ्याशी भांडायची. म्हणायची, “बी पडायच्या आधी तुम्ही गवत खरवडता, मग पुढच्या वर्षी तिथे गाजर गवताशिवाय दुसरं काय येणार? उघड्या मातीवर पाऊस पडतो, कड वाहून जाते, मग तुम्हीच ट्रकने मुरूम आणून टाकता. दत्तूभैया, तुमचं खातं एका हाताने खणतं आणि दुसऱ्या हाताने भरतं.” मला राग यायचा. खरं होतं म्हणून यायचा.

शेवटी तिने खात्याकडून एक तुकडा मागून घेतला. गुरसराय रस्त्यावर, पुलियाच्या, म्हणजे तिथल्या छोट्या पुलाच्या, अलीकडे. तेव्हाचे साहेब भले होते, ‘कोई आपत्ति नहीं’, म्हणजे हरकत नाही, म्हणून सही करून दिली. रस्त्याच्या एका बाजूला खात्याची पद्धत, दुसऱ्या बाजूला शरयूची. मध्ये डांबर. अकरा वर्षं चाललं ते. अकरा वर्षं मंडळी, दर पंधरा दिवसांनी ती तिथे जाऊन उभी राहायची. उन्हात छत्री, थंडीत श्रीकांतरावांचा मफलर. दहा मिनिटं आधी नुसती उभी राहायची. वहीसुद्धा उघडायची नाही. म्हणायची, “आधी कडेला कळू दे आपण आलोय ते.”

आणि हा परमू. खात्याचा बेलदार, रस्त्याची डागडुजी करणारा. याची शिकवणी लागली तिला, होय, उलटं नाही सांगत. गवतांची लॅटिन नावं तिला पाठ, पण कुठलं गवत गाय खाते, कुठलं छपरावर टिकतं, कुठलं आल्यावर पाऊस संपला समजायचं, ते परमूला ठाऊक. आणि परमूने तिच्याकडून एकच वाक्य घेतलं. नवे मजूर खुरपी घेऊन आले, की हा आडवा व्हायचा, “पैलें बीज झर जान दो, फिर काटियो.” साहेबांनासुद्धा म्हणाला होता एकदा. बोलणी खाल्ली, पण म्हणाला.

काय आलं तिथे? तितर आले. ससे आले. महुआ, म्हणजे आपला मोह, फुलला की मधमाशा एवढ्या, की कान लावायला नको. पावसाळ्यात पाणी उथळ चरातून सावकाश जायचं, गढूळ नाही. समोरची कड दरवर्षी तुटायची, हिची नाही तुटली. मी स्वतः फीत लावून मोजली. मोजताना मनातून वाटत होतं, कुठेतरी तुटलेली सापडू दे. नाही सापडली. संध्याकाळी गल्लीत येऊन मी म्हणालो, “शरयू, जिंकलीस बाई.” एवढी खूश झाली, की त्या दिवशी मला तीन वेळा चहा पाजला.

आता माझ्यावर येतो.

तिच्या कडेला सत्तावीस झाडं होती. कडुनिंब, महुआ, चिंच, करंज, अर्जुन, शीशम. प्रत्येकाची वहीत नोंद. आधी तिने पत्र्याचे बिल्ले बांधले, ते लोकांनी काढून नेले. मग मला म्हणाली, “दत्तूभैया, तुमचा हात चांगला आहे. नंबर घालून द्याल?” नीट सांगितलं होतं तिने. अगदी नीट. शेताच्या बाजूने घाला, खाली मुळापाशी, बारीक, निळ्या रंगात.

मला आवडलं नाही. निळा रंग? मुळापाशी? लपवून? मी म्हटलं, चोरीचं काम आहे का? नुकताच निवृत्त झालो होतो. हाताला काम नव्हतं. घरात बसून आमच्या हिच्या फोडणीला नावं ठेवत होतो. मला वाटलं, दाखवू या, काम कसं असतं. परमूला डबा धरायला घेतला आणि चार दिवस उन्हात उभा राहिलो. रस्त्याच्या बाजूने, छातीच्या उंचीवर, गेरूचा पट्टा, त्यावर पांढरा आकडा. जसा आयुष्यभर खात्यात काढला तसा. माझ्या साताला मध्ये आडवी काडी असते, ती पण दिली. काय देखणी दिसत होती झाडं, काय सांगू.

तुमच्यापैकी खात्यातले जे आहेत त्यांच्या मनात आत्ता काय आलं, मला माहीत आहे. आमच्याकडे रस्ता रुंद व्हायचा असला, की कापायच्या झाडांवर कसे आकडे घालतात? तसेच घालतात.

मला ठाऊक नव्हतं का? नकाशासाठी मोजणीला गेलो की मी स्वतः घातलेत शेकड्यांनी. पण डोक्यातच आलं नाही हो! हात चालत होता, डोकं नव्हतं. हात खुशीत होता.

शरयू बघायला आली. पहिल्या झाडापाशी उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, “फार सुंदर झालंय. पण दत्तूभैया, हे जरा पुसू या का? हे सरकारी वाटतं.” मी चिडलो. म्हटलं, “चार दिवस उन्हात उभा राहिलो ते पुसायला? मग मला सांगितलंस कशाला? आण तुझा तो निळा रंग आणि बस गिरवत.” असं बोललो मी. परमूसमोर. ती म्हणाली, “राहू द्या. छान आहे.” वडीलधारा माणूस, भावासारखा, रुसला; आता याच्या हातचं काम कसं पुसायचं? आपल्या घरांत हेच शिकवतात ना मुलींना? शिकवतात की नाही? मी पण माझ्या मुलीला तेच शिकवलं. आग लागो त्या शिकवणीला.

चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं निघालं. कापायची यादी पुलियाच्या पलीकडची होती. पुलियाच्या अलीकडे एकाही झाडाला हात लागणार नव्हता. पण कापणारी टोळी झाशीकडून आली. रस्त्यात तिला आधी कुठलं एक नंबरचं झाड दिसणार? माझं.

शरयू तेव्हा दिल्लीला होती, अनघाकडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्यावर पट्टी. परमूचा फोन मला आला. मी पोचलो. सांगितलं ना, मी पोचतो. दहा झाडं पडली होती. सतरा उभी होती. लक्षात ठेवा हा हिशेब, मी रोज ठेवतो. सतरा उभी होती.

मी टोळीच्या मुकादमाला विचारलं, किसके हुकुम से? तो काही गुंड नव्हता, अदबीने बोलला. “बाबूजी, नंबर लगा है. सरकारी नंबर है. हम तो नंबर देखते हैं.” आणि त्याने पडलेल्या खोडाकडे बोट केलं. सात नंबर. त्याच्या मध्ये आडवी काडी.

मंडळी, मला एवढंच बोलायचं होतं, ‘ये नंबर मेरे हैं. सरकारी नहीं हैं. मैंने लिखे हैं.’ तीन वाक्यं. पहिलीतल्या पोराला येतील. माझ्या तोंडातून निघाली नाहीत. भीती होती? होती. खात्याची खूण खात्याबाहेरच्या माणसाने झाडांवर केली म्हणजे चौकशी होणार, नाव जाणार. पण खरं सांगू? भीतीपेक्षा लाज जास्त होती. ज्या साहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली, त्यांच्यासमोर जाऊन काय सांगू, की अक्षर एवढं चांगलं होतं की झाडं पडली?

मी म्हटलं, ठहरो, मैं साहब को फोन लगाता हूँ. फोन लागला नाही. परत लावला. लागला नाही. तोवर करवत सुरू. परमू अकराव्या झाडापुढे उभा राहिला, “जे बाई साब के पेड़ आंय.” दोघांनी दंडाला धरून बाजूला केला त्याला. आणि तो माझ्याकडे बघायला लागला. यानेच रंगाचा डबा धरला होता, याला सगळं माहीत. म्हणाला, “बाबूजी, कछू तो बोलो.”

परमू, मला अजून ऐकू येतं ते.

मी काही बोललो नाही. एका झाडाला टेकून उभा राहिलो. सोळा नंबरची चिंच. थोड्या वेळाने मुकादम आला, “बाबूजी, ज़रा हट जाइए.” मी हटलो. तिच्या पुढच्या झाडापाशी गेलो. तिथेही आला. मी हटलो. सावली संपेपर्यंत मी हटत राहिलो. तो प्रत्येक वेळी बाबूजी म्हणत होता. चार वाजता सगळं मोकळं झालं. डोळे दिपत होते, एवढा उजेड. आयुष्यात एवढं लाचार मला कधी वाटलं नव्हतं. आणि लाचार म्हणावं, तर तोंड माझंच होतं.

शरयू आली. मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. काळा चष्मा घातलेला. रिक्षातच सांगितलं, झाडं कापली. ‘कापली’ म्हणालो. ‘गेली’ म्हणालो. ‘माझ्यामुळे’ नाही म्हणालो. तिने फक्त विचारलं, “सगळी?” मग घर येईपर्यंत माझा हात धरून बसली. मला वाटलं, तिला आधार हवाय म्हणून धरलाय.

मग तक्रार. तिने मजकूर सांगितला, साफ प्रत मी काढली. ऐका नीट. तक्रारीची साफ प्रत मी काढली, माझ्या त्याच अक्षरात. उत्तर आलं, ‘वृक्षों पर विभागीय पद्धति से अंकन पाया गया. शिकायत निस्तारित.’ म्हणजे झाडांवर खात्याच्याच पद्धतीचे आकडे होते, मजुरांची चूक नाही, विषय संपला. तिने परत लिहिलं. परत तेच. तिसऱ्यांदा लिहिलं, परत तेच. त्या उत्तराला उत्तर एकच होतं, की हे आकडे खात्याचे नव्हेत, अमुक माणसाचे आहेत. ते एक वाक्य लिहिलं असतं तर फाइल उघडली असती. तिच्या अकरा वर्षांच्या कामावर कोणी घाला घातला ते कागदावर आलं असतं, दुसरा तुकडा तरी मागता आला असता. तिने नाही लिहिलं. परमूनेही कोणाला सांगितलं नाही. दोघं मिळून मला झाकत राहिले.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी पाटावर बसलो आणि मला राहवलं नाही. म्हटलं, “शरयू, तू खरं का लिहीत नाहीस?” तिच्या हातात ताट होतं. निरांजन लावलेलं. म्हणाली, “झाडं गेली, दत्तूभैया. आता भाऊ पण घालवू का?” आणि मला ओवाळलं. करंजी दिली. मी ती खाल्ली. काय माणूस आहे मी, खाल्ली आणि वर म्हटलं, सारण छान झालंय.

गेल्या वर्षी एरच गावाकडचा रस्ता रुंद करायचा टप्पा निघाला. शरयूला वाटलं, इथे तरी. नुसतं ‘झाडं वाचवा’ म्हणून गेली नव्हती ती, एवढं लक्षात घ्या. रस्ता नकोच, असं ती कधी म्हणाली नाही. म्हणायची, “रस्ता रुंद करा, माणसं मरतात अरुंद रस्त्यावर. पण कड आधी आखा आणि मग डांबर.” चर कुठे, उतार किती, कुठलं गवत, झाड डांबरापासून किती लांब, कापणी कधी, सगळं मांडलं होतं. नकाशे मी काढले. बैठकीला आम्ही दोघं गेलो. तिथे एक साहेब म्हणाले, “मैडम, काग़ज़ तो बहुत अच्छे हैं. ज़मीन पर कहाँ है, वो दिखाइए.”

ज़मीन पर कहाँ है! ती काय दाखवणार? सत्तावीस खुंट? अकरा वर्षांच्या वह्या पिशवीत होत्या, तिने पिशवीवर हात ठेवला आणि म्हणाली, “अब नहीं है.” मी शेजारच्या खुर्चीवर होतो. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. एकदा तरी बघायचं होतंस, शरयू.

अनघा, बेटा, तू चार वर्षं त्या खात्याला शिव्या घालतेस. आईच्या फोटोसमोर बसून परवासुद्धा म्हणालीस, “मामा, इन लोगों ने माँ को तोड़ दिया.” मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. बेटा, इन लोगों ने नहीं. मैंने. तुला मराठी कळते, बोलता येत नाही एवढंच. कळलं ना? मान वर करू नकोस, नुसतं ऐक. माफी मागत नाही मी. जिच्याकडे मागायची तिच्याकडे चार वर्षं वेळ होता, तेव्हा करंज्या खात बसलो.

सडक खात्याचे आत्ताचे साहेब आलेत, मागे खुर्चीवर आहेत. साहेब, तुम्ही तेव्हा इथे नव्हतात. हा कागद तुमच्यासाठी आहे. हिंदीत आहे, सही केली आहे, आकड्यांचा नमुनाही काढलाय खाली, सातासकट. ‘पुलिया के इस ओर के सत्ताईस वृक्षों पर अंकन मैंने किया था.’ घ्या. चौकशी करा. काय होईल? मला माहीत आहे काय होईल. शिकायत निस्तारित.

कारण काल परमू मला एरच रस्त्यावर घेऊन गेला. तिथे पट्टे मारून झालेत. गेरू आणि पांढरे आकडे. पोरगेलं अक्षर आहे कुणाचं तरी, वाकडंतिकडं, रंग ओघळलाय. मी प्रत्येक आकड्यावर हात फिरवला. ते माझे नाहीत. ते खरे आहेत, खात्याचे. ते पुसायचा हक्क कोणाला नाही, मला नाही, परमूला नाही. मी तिथे उभा राहिलो आणि परत आलो. माझ्या टेबलावर तिचा शेवटचा नकाशा अर्धा पडलाय. चराचा उतार तिने सांगायचा राहिला. मला रेघ मारता येते, मंडळी, उतार नाही ठरवता येत. कोणाला विचारू?

पुष्कळ बोललो. चार वर्षांचं साचलेलं होतं.

आता रिवाजाप्रमाणे दोन मिनिटं शांत राहायचं. उभे राहा सगळे. खाली बघू नका, तिला आवडायचं नाही. ती कडेला उभी राहायची तसे डोळे उघडे ठेवून उभे राहा. परमू, तू इथे माझ्याजवळ ये. अनघा, तू पण.

तुम्ही शांत राहा. मला ते करता येणार नाही. माझ्या वाटचं गप्प राहणं मी त्या दिवशी संपवून बसलोय. मी पोचलो तेव्हा जी उभी होती, तेवढी नावं मी तिच्या वहीतून म्हणतो. तुम्ही नुसतं ऐका.

अकरा, कडुनिंब. बारा, महुआ. तेरा, महुआ. चौदा, करंज. पंधरा, अर्जुन.

सोळा, चिंच. हिला मी टेकलो होतो.

सतरा...